आमादेउसाठी ऐंशी मीटर तार

गेनादी वाल्चेव बल्गेरियातल्या एका गावात भूगोलाचा मास्तर होता, त्यामुळे पृथ्वी केवढी मोठी आहे याची त्याला कल्पना होती. आपल्या इमारतीची गच्ची केवढी तोकडी आहे हे मात्र त्याला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, डिसेंबरच्या सुरुवातीला, मोजपट्टी घेऊन वर चढल्यावर समजलं. तार ऐंशी मीटरची होती. गच्ची तिच्या निम्मीही नव्हती. उरलेली तार हवेतून न्यायला हवी होती, आणि हवेत तार आपली आपण उभी राहत नाही. पलीकडे काहीतरी लागतं. पलीकडे, बॉयलरखोलीच्या आवारात, एक पॉपलरचं झाड होतं. उंच, सरळ, पानं झडलेलं. गेनादीनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्या घटकेपासून त्याच्या घरातली शांतता संपली.

ही तार कशासाठी, हे इमारतीतल्या प्रत्येकानं त्याला पुढच्या दिवसांत विचारलं. प्रत्येकाला त्यानं आपल्या परीनं सोपं करून सांगितलं, त्यामुळे लवकरच त्या एका तारेबद्दल इमारतीत जितकी बिऱ्हाडं तितकी मतं झाली. कुणी म्हणे हवामान खात्याचं काम आहे, कुणी म्हणे फुकटात टीव्ही. खरी गोष्ट त्याची बायको नेवेना सोडली तर कुणालाच ठाऊक नव्हती, आणि तिला ती बावीस हिवाळे ऐकून पाठ झाली होती.

हौशी रेडिओवाल्यांचे लहरींचे पट्टे असतात. वरचे पट्टे दिवसाढवळ्या चालतात, त्यांना लहानशी तार पुरते. सगळ्यात खालचा पट्टा मात्र अंधार पडल्याखेरीज दूरचा आवाज देत नाही, त्याला मैलभर वाटेल एवढी तार लागते, आणि कढईत मका फुटावा तसा खरखराट त्यावर अखंड चालू असतो. शहाणी माणसं त्या वाटेला जात नाहीत. उरलेली माणसं वर्षातून एकदा, हिवाळ्यातल्या एका शनिवारी, त्या पट्ट्यावर मोर्सची स्पर्धा खेळतात. खेळ सोपा आहे. टिंबं आणि रेघा वाजवून रात्रभरात होतील तितकी माणसं गाठायची. गाठायचं म्हणजे एकमेकांना दोन आकडे सांगायचे. एक, तुझा आवाज मला किती स्वच्छ येतो. आणि दुसरा, तू माझा आजचा कितवा.

यातला पहिला आकडा कायम पाच-नऊ-नऊ असतो. पाच-नऊ-नऊ म्हणजे उत्तम, निर्दोष, शेजारी बसून बोलावं तसा. समोरचा जेमतेम ऐकू येत असला, त्याचं नाव चारदा विचारावं लागलं, तरी त्याला पाच-नऊ-नऊच द्यायचा, अशी रीत आहे.

"म्हणजे विहिणीच्या हातचं जेवण," नेवेना लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात म्हणाली होती. "घशाखाली उतरत नसलं तरी छान झालंय म्हणायचं."

गेनादीला तेव्हा राग आला होता. पुढे पुढे त्याला वाटू लागलं, की इतकी माणसं रात्रभर एकमेकांशी इतकं सभ्य खोटं बोलतात अशी दुसरी जागा जगात फारशी नसावी.

तर या स्पर्धेत गेली बावीस वर्षं त्याला एक माणूस भेटत आला होता. अटलांटिक महासागरात, पोर्तुगालपासूनही दूर, अझोरेस नावाची बेटं आहेत. त्यांतल्या एकावर राहणारा आमादेउ. भेटत आला होता म्हणजे, दर हिवाळ्यात दोन आकडे इकडून, दोन तिकडून. आमादेउनं एकदा पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यावर समुद्राकडे पाठ करून उभी असलेली एक गाय होती. बाकी त्याचा चेहरा गेनादीनं पाहिला नव्हता. पण त्याचा हात तो हजारांत ओळखत असे. मोर्स वाजवणाऱ्या प्रत्येकाचा एक हात असतो, जशी चाल असते. आमादेउ रेघ किंचित लांबवायचा, जिना चढताना कठड्याला धरून थांबावं तसा, आणि मग टिंबं पळत सोडायचा.

मागच्या वर्षी गेनादी स्पर्धेत नव्हता. गच्चीवर नवीन जलरोधक थर घातला, तेव्हा जुनी तार गुंडाळून खाली आणावी लागली होती. या ऑक्टोबरात आमादेउची चार ओळींची ईमेल आली. गेल्या वर्षी ऐकू आला नाहीस. जानेवारीत मी मुलीकडे लिस्बनला राहायला जातोय. तिचं घर सातव्या मजल्यावर आहे, बाल्कनी उत्तरेला. यंदाची स्पर्धा शेवटची, ये.

त्या शेवटच्या शब्दावर गेनादी ऐंशी मीटर तार विकत घेऊन आला.

इमारतीची व्यवस्था पराश्केवामावशींकडे होती. त्या कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासून निवृत्त झाल्या होत्या, आणि अजूनही समोर आलेल्या माणसाची शिवण कुठे उसवली आहे का हे आधी बघत. व्यवस्थापक म्हणून त्यांची निवड एकमतानं झाली होती, कारण सभेला त्या एकट्याच वेळेवर आल्या होत्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. त्यातली सगळ्यात मोठी किल्ली गच्चीची.

"गच्चीला भोक पाडायचं नाही," त्या म्हणाल्या. गेनादीनं अजून काहीच विचारलं नव्हतं.

"मावशी, फक्त एक खांब उभा करायचाय. बारीकसा."

"खांब भोकाशिवाय उभा राहतो?"

"वजन ठेवलं तर राहील."

"दहा वर्षांची हमी आहे त्या थरावर. एक खिळा ठोकलास तर हमी गेली. आणि ते झाड कुणाचं आहे? परवानगी आणलीस?"

झाडाची परवानगी, या एका विषयावर गेनादीच्या पुढच्या तीन दुपारी गेल्या. नगरपालिकेतल्या बाईंनी नकाशा काढला, त्यावर बोट फिरवलं आणि सांगितलं, की हे आवार घरांना ऊब पुरवणाऱ्या तापयंत्रणेवाल्यांचं, तेव्हा झाडही त्यांचं. तापयंत्रणेवाल्यांकडचा माणूस म्हणाला, आवार आमचं, पण झाड लावल्याची आमच्याकडे नोंद नाही; आपोआप उगवलेलं झाड नगरपालिकेचं. गेनादी परत बाईंकडे. बाईंनी चष्मा पुसला.

"साहेब, झाड लावलेलं नसेल तर ते आमच्या लेखी नाही. जे नाही त्याला आम्ही परवानगी कशी देणार?"

"मग मी त्याला तार बांधली तर?"

"कशाला?"

"झाडाला."

"कुठल्या झाडाला?" बाई म्हणाल्या, आणि इतक्या निर्मळ चेहऱ्यानं म्हणाल्या, की पंचवीस वर्षं मुलांना नकाशे शिकवलेला मास्तर अर्धं मिनिट तिथे नुसता उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की हीच परवानगी.

तार झाडावर न्यायचं काम तळमजल्यावरच्या मिन्कोकाकांनी अंगावर घेतलं. सत्तरीतले मिन्कोकाका यांत्रा नदीवर पन्नास वर्षं गळ टाकत आले होते आणि गळानं सुटणार नाही असा प्रश्न जगात आहे हे त्यांना मान्य नव्हतं. शिशाचं वजन लावलेली दोरी गच्चीवरून झाडापलीकडे फेकायची, मग तिला तार बांधून ओढून घ्यायची, असा बेत. पहिली फेक झाडाला शिवलीच नाही. दुसरी समोरच्या इमारतीतल्या बाल्कनीत वाळत घातलेल्या गालिच्यात अडकली, आणि काकांनी सवयीनं झटका दिल्यामुळे गालिचा त्यांच्याकडे यायला निघाला. गालिच्याची मालकीण बाहेर आली. तिनं गालिच्याचं दुसरं टोक धरलं. दोन्ही इमारतींच्या मधोमध गालिचा तरंगत असताना खालून शाळेची मुख्याध्यापिका चालली होती. तिनं वर पाहिलं, गेनादीनं तिला टोपी काढून नमस्कार केला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

"मासा मोठा होता," दोरी सुटल्यावर काका म्हणाले.

तिसरी फेक बरोबर पॉपलरच्या शेंड्याजवळून गेली. तार चढली. आता गच्चीवरचा खांब. तळघरातला पाण्याचा जुना पाइप मिळाला, पण त्याला धरून ठेवील असं वजन हवं होतं. चौथ्या मजल्यावरून सिमेंटच्या पोत्यांची सूचना आली, तिसऱ्या मजल्यावरून सासूबाईंच्या जुन्या शिलाईयंत्राची. शेवटी काकाच म्हणाले, "माझं पिंप घे."

डिसेंबरात प्रत्येक बिऱ्हाडाचं कोबीचं पिंप असतंच. काकांचं एकशेवीस लिटरचं, गच्चीच्या दाराशी, थंडाव्याला ठेवलेलं. आत मीठपाण्यात आख्खे गड्डे मुरत होते. "देव आला तरी हलायचं नाही," काका म्हणाले. "फक्त दिवसाआड खालच्या तोटीतून पाणी काढायचं आणि वरून परत ओतायचं. नाही तर कोबी कुजतो. मला सारखे सारखे जिने चढवत नाहीत, तू कर."

अशा रीतीनं, रेडिओवर समुद्रापलीकडे बोलू पाहणारा माणूस दिवसाआड सकाळी, शाळेत जाण्याआधी, टाय सांभाळत दुसऱ्याच्या कोबीचं पाणी बादलीत काढू लागला. पाइप पिंपाला दोन जागी आवळून बांधला होता. तार ताणून बसली होती. गुरुवारी सकाळी तो वर उभा राहून तिच्याकडे बघत होता. पलीकडे झाड, त्याच्याही पलीकडे डोंगर, आणि त्या दिशेला सरळ गेलं तर मध्ये सगळा युरोप ओलांडून ते बेट. बघता बघता त्याला शाळेची घंटा आठवली. त्यानं घाईत तोटी बंद केली. बंद केली असं त्याला वाटलं.

दिवसभर आणि रात्रभर मीठपाणी थेंबथेंब गळत राहिलं. नवा थर खरोखरच उत्तम प्रतीचा असल्यामुळे त्यातून एक थेंब मुरला नाही. सगळं पाणी गच्चीच्या दारातून जिन्यावर आलं आणि पाचही मजले उतरून पराश्केवामावशींच्या पायपुसण्यात जमलं. पिंप जसजसं हलकं होत गेलं तसतसा पाइप झाडाकडे झुकत गेला. शुक्रवारी सकाळी लोक उठले तेव्हा तार रांगेत लावलेल्या गाड्यांवर आडवी पडली होती आणि जिन्याला असा वास येत होता, की पहिल्या मजल्यावरच्या पाहुण्यांनी न्याहारीलाच कोबीचं सार आहे का विचारलं.

सभा जिन्यातच झाली, सगळ्यांनी कठड्याला टेकून. सूचनांचा पाऊस पडला. तार विका, मास्तरांना दंड करा, जिना मास्तरांनी धुवावा. जिना मास्तरांनी पहाटेच धुतला होता, हे त्याच्या ओल्या पॅन्टवरून दिसत होतं, पण सूचना मंजूर झाली. मिन्कोकाका वर पिंपाजवळ बसून कोरड्या पडलेल्या गड्ड्यांकडे बघत होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"हे सगळं कशासाठी, गेनादी?" पराश्केवामावशींनी विचारलं. "खरं सांग. हवामान नको सांगूस."

गेनादीला एकाएकी थकवा आला. सोपं करून सांगायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून त्यानं होतं तसं सांगितलं. एक म्हातारा आहे. बेटावर राहतो. बावीस वर्षं आम्ही वर्षातून एकदा बोलतो. आता तो मुलीकडे राहायला चाललाय, तिथे तार लावता येणार नाही. उद्याची शेवटची वेळ.

पराश्केवामावशींची मुलगी प्लोव्हदिवला होती आणि दर रविवारी फोन करून, आई, इकडे ये, असं म्हणत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"कितव्या मजल्यावर?" मावशींनी विचारलं.

"सातव्या."

"बाल्कनी आहे?"

"आहे. उत्तरेला."

मावशींनी किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "उत्तरेला काही वाळत नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शनिवारची रात्र तुझी. रविवारी उजाडलं की तार खाली. पिंपात साधं पाणी भर, तोटी मी स्वतः बांधणार. आणि माझ्या घरात आवाज आलेला चालणार नाही."

काकांचा कोबी त्या दिवशी घरोघर वाटला गेला. शुक्रवारी रात्री सगळ्या इमारतीनं कोबी खाल्ला. कुणी भाताबरोबर, कुणी डुकराच्या मांसाबरोबर. जरा कच्चा आहे, असं प्रत्येकानं म्हटलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

शनिवारी संध्याकाळी सहाला स्पर्धा सुरू झाली. गेनादीनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून कानांना हेडफोन लावला, मोर्स वाजवायच्या कळेवर बोटं ठेवली आणि पूर्ण ताकदीनिशी पहिली हाक घातली. तार झकास चालत होती. पोलंड आलं, फिनलंड आलं, एकामागून एक माणसं येऊ लागली. त्याला इतकं बरं वाटत होतं, की नेवेना त्याच्या खांद्याला हलवते आहे हे त्याला बऱ्याच वेळानं कळलं.

"खाली ये," ती म्हणाली. "दाराला झटके येतायत."

खरोखरच येत होते. इमारतीच्या मुख्य दाराला विजेचं कुलूप होतं आणि घरोघर इंटरकॉम. गेनादीच्या लहरी त्या वायरींत शिरल्या होत्या. प्रत्येक रेघेला कुलूप खटकन उघडत होतं, टिंबांना नुसतं थरथरत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई खरेदीच्या पिशव्या घेऊन बाहेर उभ्या होत्या. त्या ढकलायच्या तेवढ्यात शब्द संपायचा आणि दार बंद व्हायचं. गल्लीतलं एक कुत्रं मात्र मोर्स चटकन शिकलं होतं. ते दोनदा आत येऊन गेलं होतं. आणि प्रत्येक घरातल्या इंटरकॉममधून घुबड बोलावं तसा आवाज घुमत होता.

पराश्केवामावशी दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"आवाज आलेला चालणार नाही म्हटलं होतं."

"कमी करतो, मावशी."

"किती कमी?"

"तुम्ही घरात जाऊन बसा. मी कमी करत जातो. ऐकू यायचं थांबलं की नेवेनाला हाक मारा."

त्यानं ताकद निम्मी केली. हाक आली नाही. आणखी निम्मी केली. हाक नाही. शेवटी यंत्राची ताकदीची मूठ इतकी खाली आली, की सायकलचा दिवा जेमतेम पेटावा एवढीच वीज तारेत जात होती, तेव्हा खालून मावशींचा आवाज आला, "आता ठीक." गेनादीनं कळेकडे पाहिलं. एवढ्याशा ताकदीवर शेजारचे देश गाठता आले असते. बेट गाठणं म्हणजे नदीच्या या काठावरून त्या काठाला कुजबुजून विचारणं, जेवलास का. पण शब्द दिला होता.

पुढचे दोन तास तो चिकाटीनं खेळला. सर्बिया, हंगेरी, एक अतिशय कंटाळलेला ग्रीक. साडेआठच्या सुमारास, अझोरेसवर सूर्य बुडायची वेळ झाली तशी त्यानं लहर बदलायची दुसरी मूठ हळूहळू फिरवत पट्टा चाळायला सुरुवात केली. आणि तीन तासांनी, साडेअकराला, खरखराटाच्या तळाशी त्याला ती लांबवलेली रेघ सापडली. कठड्याला धरून थांबणारी, आणि मग पळत सुटणारी टिंबं.

आमादेउ चांगला ऐकू येत होता. त्याच्या बेटावर ना कारखाने ना इंटरकॉम. पण सगळा युरोप त्याच्यावर तुटून पडला होता. दुर्मिळ बेट म्हणजे गुण जास्त. जर्मन, इटालियन, झेक, सगळे एकाच वेळी आपली नावं वाजवत होते, बाजारात स्वस्त साखर आल्यासारखे. त्या गर्दीत गेनादीनं आपलं नाव घातलं. पुन्हा घातलं. दहाव्या, बाराव्या खेपेला गर्दीत क्षणभर फट पडली आणि आमादेउनं त्याच्या नावातली दोन अक्षरं पकडून प्रश्नचिन्ह लावलं.

गेनादीनं पूर्ण नाव पाठवलं. लगेच तीन इटालियन वर येऊन बसले. आमादेउनं सगळ्यांना थांबायला सांगितलं. फक्त बल्गेरिया, तो म्हणाला. मग त्यानं आपले आकडे दिले: पाच-नऊ-नऊ, आणि गेनादी त्याचा दोनशे सहावा.

आता गेनादीची पाळी. पाच-नऊ-नऊ, अठ्ठेचाळीस. चार टिंबं एक रेघ, मग तीन रेघा दोन टिंबं.

नंबर? आमादेउनं विचारलं.

अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस.

नंबर?

गेनादीनं पुन्हा पाठवला. खरखराट वाढला होता. पलीकडून पुन्हा तोच प्रश्न आला. जर्मन अधीर होऊन मध्येच वाजवू लागला, त्याला आमादेउनं पुन्हा गप्प केलं. गेनादी आणखी वेगानं पाठवू लागला, म्हणजे निदान खरखराटाच्या दोन लाटांच्या मध्ये तरी आकडा निसटून जाईल.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. नेवेनानं उघडलं. पराश्केवामावशी होत्या, अंगावर घरातला झगा.

"सारखं तेच तेच काय वाजवतोय हा?"

"मावशी, तुम्हाला आवाज येतोय?" नेवेनानं घाबरून विचारलं. "कमी केलाय त्यानं."

"येत नाही. इंटरकॉमचा रिसीव्हर कानाला दाबून धरला की येतो." मावशींना यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही, कबूल केलेला माल तपासणं हे त्यांचं कामच होतं. त्या टेबलाशी आल्या. "तोच आहे का? म्हातारा?"

गेनादीनं मान डोलावली.

"त्याला कळत नाहीये?"

"माझा आवाज पोचत नाहीये, मावशी. मूठ थोडी वाढवली असती तर—"

"वाढवायची नाही. शब्द म्हणजे शब्द." मावशींनी खुर्ची ओढली. "पण एवढ्या घाईनं का बोलतोस? माझा नवरा शेवटची सहा वर्षं बहिरा होता. ओरडून काही होत नसे. सगळे ओरडायचे, तो नुसता हसायचा. हळू बोललं की कळायचं. म्हाताऱ्या माणसाशी कुणी असं भरभर बोलतं का?"

त्या पंधरवड्यात गेनादीला सगळ्या इमारतीनं सल्ले दिले होते, आणि त्यातला एकही कामाचा निघाला नव्हता. त्यानं कळेचा वेग खाली आणला. निम्म्यावर आणला, मग आणखी खाली, पहिल्यांदा मोर्स शिकताना वाजवायचा तितका. चार टिंबं, सावकाश. एक रेघ. थांबला. तीन रेघा. दोन टिंबं. स्पर्धेत इतकं हळू कुणी वाजवत नाही. रस्त्याच्या मधोमध बैलगाडी उभी करावी तसं ते वाटत होतं. त्यानं पुन्हा एकदा तसंच वाजवलं.

पलीकडे काही क्षण नुसता खरखराट होता. कुणीही मध्ये बोललं नाही.

मग आमादेउ त्याच संथ वेगानं म्हणाला: चार आठ?

हो, गेनादीनं पाठवलं. हो. हो.

निरोपाचं वाक्य त्यानं महिनाभर घोटून ठेवलं होतं. शब्दकोशातून शोधलेलं पोर्तुगीज वाक्य, सुखाचा प्रवास होवो मित्रा, अशा अर्थाचं. उच्चार येत नव्हता, पण मोर्सला उच्चार लागत नाही. त्यानं पहिलं अक्षर वाजवायला बोट कळेवर टेकवलं. पण आमादेउनं धन्यवादाची दोन अक्षरं टाकली होती, आणि लगेच, दम न घेता, नेहमीच्या वेगानं जर्मनाचं नाव घेतलं होतं. जर्मनाला पाच-नऊ-नऊ. मग झेकला. गर्दी पुन्हा तुटून पडली.

गेनादीचं बोट कळेवर तसंच राहिलं. मग त्यानं ते उचलून मांडीवर ठेवलं.

"झालं?" मावशींनी विचारलं.

"झालं."

"काय म्हणाला?"

"पाच-नऊ-नऊ. आणि आभार."

"एवढंच?"

"एवढंच." गेनादी हसायला गेला, पण ते जमलं नाही. "घाईत होता. मागे रांग होती ना."

मावशींना हे पटलं नाही. बावीस वर्षांची ओळख, भिजलेलं पायपुसणं, एवढा कोबी, आणि माणूस आभार म्हणून मोकळा होतो. त्या तसं बोलणारच होत्या, पण नेवेना चुलीपाशी उभी होती, तिनं कपात चहा ओतता ओतता विचारलं, "किती जण होते रांगेत?"

"कुणास ठाऊक. शंभर असतील. जास्तही."

"आणि तुझा आकडा कळेपर्यंत ते सगळे थांबले?"

"त्यानं थांबवलं."

"किती वेळ?"

गेनादीनं टेबलावरच्या घड्याळाकडे पाहिलं. एवढ्या वेळात आमादेउला वीस तरी माणसं गाठता आली असती. शेवटची स्पर्धा, दोनशेच्या पुढे गेलेला आकडा, आणि एका कुजबुजणाऱ्या माणसासाठी त्यानं सगळा युरोप दाराबाहेर उभा केला होता.

नेवेना औषधाच्या दुकानात काम करायची. "रांग असली की मी कुणाशी गोड बोलत नाही," ती म्हणाली. "वेळच नसतो. पण एखाद्या आजीबाईंना ऐकू येत नसेल तर रांग थांबवते. मागचे कितीही ओरडले तरी. मग त्या गेल्या की पुढचा." तिनं चहा मावशींपुढे ठेवला. "माझ्याकडे तरी प्रेम म्हणजे तेवढंच जमतं."

मावशींनी चहा ढवळला.

"मला ऐकव बघू," त्या म्हणाल्या.

त्यानं हेडफोन काढून त्यांच्या पांढऱ्या केसांवर नीट बसवला. मावशी डोळे मिटून ऐकत राहिल्या. पलीकडे आमादेउ काम करतच होता. त्याची टिंबं हेडफोनच्या बाहेरही बारीक किणकिणत होती. मावशींना मोर्सचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी तपासायला आलेला सदरा उजेडात धरावा तशी मान तिरकी केली.

"लांबून बोलतोय," त्या म्हणाल्या.

"फार लांबून."

"घाईत आहे."

"हो."

"पण मजेत आहे, गेनादी. ऐक ना. लग्नात नाचणाऱ्या माणसासारखा आहे हा." त्यांनी हेडफोन काढून त्याला परत दिला. "तू तर असं सांगत होतास, की बिचारा रडतोय तिथे."

गेनादीनं हेडफोन कानाला लावला. बावीस वर्षं तो हा हात ऐकत आला होता, आणि आज पहिल्यांदा त्यानं आकडे न टिपता नुसता ऐकला. रेघ लांबत होती, टिंबं पळत सुटत होती, इटालियन, झेक, फिनिश, एकामागून एक. म्हातारा खरोखरच रंगात आला होता. त्याला आज कुणाचाच निरोप घ्यायचा नव्हता. त्याला रात्रभर खेळायचं होतं.

गेनादीनं बराच वेळ ऐकलं. मग घसा साफ केला, चहाचा एक घोट घेतला, लहरीची मूठ थोडीशी फिरवली आणि पट्ट्यावर आपला एकोणपन्नासावा माणूस शोधायला लागला.